परोपजीवी कुठे टिकतो? : हिवताप आणि नारू यांच्या निमित्ताने

‘तिथले लोकच घाणेरडे, म्हणून तिथे रोगराई’ हे वाक्य आपल्यापैकी प्रत्येकाने कधी ना कधी ऐकलेले आहे. कधी दवाखान्याच्या रांगेत, कधी शाळेच्या शिक्षकखोलीत, कधी नगरपालिकेच्या सभागृहात. बोलणाऱ्याला वाटते की आपण विज्ञान बोलतो आहोत. वस्तुतः विटाळाच्या जुन्या कल्पनेनेच आरोग्यशास्त्राचा नवा सदरा अंगात घातलेला असतो. मी प्राणिशास्त्र शिकवतो. परोपजीवी प्राण्यांची जीवनचक्रे फळ्यावर काढून दाखवण्यात माझी बरीच वर्षे गेली. या वर्षांत एक प्रश्न विद्यार्थ्यांनी मला पुनःपुन्हा विचारला : जंगल तुटले की वाघ जातो, नदी अडवली की मासा जातो, मग परिसर विस्कटल्यावर हिवतापाचा जंतू का जात नाही? तो उलट वाढतो कसा? या प्रश्नाचे उत्तर शोधताना आपण आपोआपच त्या पहिल्या वाक्यापाशी येतो. म्हणून हा लेख.

प्रथम दोन शब्दांविषयी. जो जीव दुसऱ्या जिवाच्या अंगात किंवा अंगावर राहून त्याच्यावर जगतो तो परोपजीवी. तो ज्याच्यावर जगतो त्याला आमच्या शास्त्राच्या मराठी पुस्तकांत ‘यजमान’ म्हणतात. हा शब्द मला नेहमी खटकतो. यजमान म्हणजे घरचा धनी, ज्याने पाहुण्याला बोलावले आहे. हिवतापाने फणफणलेल्या खडी फोडणाऱ्या बाईने कोणाला बोलावले होते? पण शब्द रूढ आहे, म्हणून तोच वापरतो. एका यजमानाकडून दुसऱ्याकडे परोपजीवीला नेणारा तो वाहक. हिवतापाचा वाहक ॲनॉफिलिस जातीचा डास. आपल्या भाषणांतून आपण शोषकांना बांडगुळे म्हणतो, ते आपल्या जागी ठीक आहे. या लेखात मात्र परोपजीवी हा शब्द केवळ शास्त्रीय अर्थाने घ्यावा.

आता मूळ मुद्दा. परोपजीवी टिकतो याचा अर्थ एखादा जंतू चिरंजीव असतो असा नाही. एकेक जंतू मरतच असतो. काही औषधाने मरतात, काही शरीराच्या प्रतिकाराने, काही यजमानाबरोबर. टिकते ती त्यांची संख्या, त्यांची वस्ती. आणि तिच्या टिकण्याचा हिशेब अगदी साधा आहे. दहा रोग्यांपासून पुढे नवे नऊच रोगी होत असतील, तर रोग हळूहळू विझत जातो. दहापासून अकरा होत असतील, तर तो पसरत जातो. सारा खेळ या नऊ आणि अकराच्या मधला आहे. २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबाद येथे डासाच्या पोटात हिवतापाचा जंतू पाहणाऱ्या रोनाल्ड रॉस यांनीच पुढे हे गणित मांडले. हिवताप घालवण्यासाठी शेवटचा डास मारण्याची गरज नाही, डासांची संख्या एका मर्यादेखाली नेली की रोग आपोआप मावळतो, असे त्यांचे प्रतिपादन होते. हे खरे आहे. पण त्यात एक ‘जर’ दडलेला आहे. ही मर्यादा सगळीकडे एकाच वेळी गाठली गेली पाहिजे. एखाद्या कोपऱ्यात जरी दहाचे अकरा होत राहिले, तरी तिथे राखेखालचा निखारा जिवंत राहतो. वारा सुटला की तो पुन्हा पेटतो.

म्हणून परोपजीवीचा अभ्यास करणाऱ्याने पहिला प्रश्न विचारायचा तो असा : याचा निखारा कुठल्या राखेखाली आहे? याला लपायला किती जागा आहेत?

ज्याला लपायला जागा नव्हती असा एक परोपजीवी आपल्या डोळ्यांदेखत या देशातून गेला. तो म्हणजे नारू. जुन्या पिढीतल्या लोकांनी तो पाहिला आहे. पायाला फोड यायचा, तो फुटायचा आणि त्यातून सुतासारखा पांढरा कृमी बाहेर डोकावायचा. तो काडीला गुंडाळत रोज थोडा थोडा ओढायचा. तो दोन-तीन फूट लांब असे. मध्येच तुटला तर पाय सुजून माणूस महिनोन्‌महिने अंथरुणाला खिळे, आणि तेही बहुधा शेतीच्या ऐन कामात. फोडाची आग शांत करण्यासाठी माणूस पाय पाण्यात बुडवी आणि त्याच क्षणी नारूची मादी हजारो पिल्ले पाण्यात सोडी. ती पिल्ले सायक्लॉप्स नावाचा डोळ्यांना जेमतेम दिसणारा जलजीव गिळी. ते पाणी कोणी प्यायले की वर्षभराने त्याच्या पायाला फोड. माणूस, पाणी, सायक्लॉप्स, पुन्हा माणूस. एवढीच साखळी.

या साखळीचा मुख्य अड्डा म्हणजे पायऱ्यांची विहीर, बारव. तिथे पाणी भरणारा पायऱ्या उतरून पाण्यात पाय घालतो, आणि तेच पाणी घागरीत भरतो. नारूवर लस नव्हती, आजही नाही. त्याला मारणारे खात्रीचे औषधही नाही. तरी तो गेला. १९८३-८४ पासून देशव्यापी मोहीम सुरू झाली. तेव्हा महाराष्ट्रासह सात राज्यांत मिळून सुमारे चाळीस हजार रोगी होते. पाणी फडक्याने गाळून पिणे, बारवेच्या पायऱ्या बंद करून कठडा बांधणे, हातपंप बसवणे, पाण्यात सायक्लॉप्स मारणारे औषध टाकणे आणि प्रत्येक रोगी शोधून त्याचा पाय पाण्याबाहेर ठेवणे, एवढेच उपाय होते. शेवटचा रोगी जुलै १९९६ मध्ये राजस्थानात जोधपूर जिल्ह्यात सापडला. फेब्रुवारी २००० मध्ये भारत नारूमुक्त असल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने प्रमाणित केले.

या यशातली एक गोष्ट आपण नीट समजून घेतली पाहिजे. नारूची साखळी तोडायची तर गावातल्या प्रत्येक घराला सुरक्षित पाणी मिळणे भाग होते. नव्वद घरे हातपंपावर आणि दहा घरे ओढ्याच्या डबक्यावर, असे चालणार नव्हते. त्या दहा घरांत नारू राहिला असता आणि पुढल्या वर्षी नव्वद घरांकडे परत आला असता. आपल्या गावांत ही दहा घरे कोणाची असतात, हे या अंकाच्या वाचकांना सांगायला नको. २० मार्च १९२७ रोजी महाडला बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, ते माणुसकीच्या हक्कासाठी. सनातन्यांनी नंतर ते तळे मंत्र म्हणून आणि पंचगव्य ओतून ‘शुद्ध’ केले. तळ्यात शेणमूत्र ओतून पाणी शुद्ध होते असे मानणारा समाज दुसऱ्याला घाणेरडा म्हणतो, हा विनोद इतिहासाने करून ठेवला आहे. आरोग्यशास्त्र शिकवणारा म्हणून मी त्यात एवढीच भर घालतो की सार्वजनिक पाणवठा सर्वांना खुला असणे हा न्यायाचा प्रश्न तर आहेच, पण तो रोगाच्या गणिताचाही प्रश्न आहे. ज्याला पाणवठ्यावरून हाकलले जाते, त्याच्याबरोबर गाव आपला रोगही वेशीबाहेर ठेवू पाहते. पण रोग वेस मानत नाही.

नारूसारखा दुबळा परोपजीवीसुद्धा संधी मिळाली की नवी जागा शोधतो. आफ्रिकेतल्या चाड या देशात दहा वर्षे नारूचा एकही रोगी नोंदला गेला नव्हता. २०१० मध्ये तिथे पुन्हा रोगी सापडले आणि २०१२ पासून कळले की तो कुत्र्यांमध्ये मुक्कामाला गेला आहे. २०२३ मध्ये साऱ्या जगात माणसांतले नारूचे रोगी अवघे १४ होते, प्राण्यांतले मात्र शेकडो. लपायला एक जागा मिळाली आणि संपत आलेले काम लांबले.

आता हिवतापाकडे वळू. नारूला एकच साखळी होती, हिवतापाला लपायला जागाच जागा आहेत. आपल्याकडे त्याचे दोन मुख्य जंतू आहेत, व्हायव्हॅक्स आणि फॅल्सिपेरम. व्हायव्हॅक्सचे काही जंतू डास चावल्यानंतर यकृतात जाऊन नुसते पडून राहतात. ताप नाही, रक्तात काही दिसत नाही. आठवड्यांनी, महिन्यांनी, कधी वर्षभरानेही ते जागे होऊन रक्तात उतरतात. या काळात डास नसले तरी बिघडत नाही. जंतू पुढच्या पावसाळ्याची वाट पाहत माणसाच्या यकृतातच असतो. फॅल्सिपेरमला ही युक्ती येत नाही. त्याची तऱ्हा वेगळी. ज्या भागात हिवताप कायमचा आहे, तिथल्या मोठ्या माणसांत अर्धीमुर्धी प्रतिकारशक्ती तयार होते. अशा माणसाच्या रक्तात जंतू थोडे असतात, ताप येत नाही, पण डास चावला तर त्याला जंतू मिळतो. माणूस कामावर जातो, ओझे उचलतो. फक्त रक्त कमी होत जाते, दम लागतो, पाणथरी वाढते. मुकादम त्याला आळशी म्हणतो. गरोदर बाईच्या बाबतीत हाच जंतू वारेत साठतो आणि मूल कमी वजनाचे जन्मते. तापाने फणफणलेला रोगी दवाखान्यात दिसतो, तो डोंगराचे टोक. खालचा डोंगर कामावर गेलेला असतो.

वाहकाच्या बाबतीतही तेच. डोंगराळ जंगलाच्या झऱ्यांत वाढणारा फ्लुव्हिएटिलिस, कालव्याच्या, शेताच्या आणि खड्ड्याच्या पाण्यात वाढणारा क्युलिसिफेसीस, शहरातल्या विहिरी-टाक्यांत वाढणारा स्टिफेन्सी, हे तिन्ही ॲनॉफिलिस डास आपल्या देशात हिवताप पसरवतात. जंगल तुटले, झऱ्यावरची सावली गेली, की काही ठिकाणी फ्लुव्हिएटिलिस कमी होतो. पण त्याच जागी शेतीचे पाणी आले की क्युलिसिफेसीस हजर होतो. घोडा मेला तर बैलगाडी, ती मोडली तर मोटार. जंतूचा प्रवास चालूच. विद्यार्थ्यांच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर इथे आहे. वाघाला एकच घर असते, म्हणून परिसर विस्कटला की वाघ जातो. ज्या परोपजीवीला अनेक घरे आणि अनेक वाहने असतात, त्याचे एक घर मोडले तरी तो दुसऱ्या घरात राहतो.

उरलेले अर्धे उत्तर असे की परिसर विस्कटणारा माणूस त्याला नवी घरे बांधून देतो. हे कसे घडते ते क्रमाने पाहू.

पहिली गोष्ट पाण्याची. पश्चिम राजस्थानच्या वाळवंटात पूर्वी हिवताप फार थोडा होता, कारण डासाला पाणीच नव्हते. इंदिरा गांधी कालव्याने तिथे पाणी नेले. ते पाणी हवेच होते. पाण्यावाचून तडफडणाऱ्यांना कालव्याचे तोटे सांगण्याचा अधिकार कोणालाही नाही. पण कालव्याबरोबर पाझर आला, सखल जागी तळी साचली आणि त्या पाण्याबरोबर क्युलिसिफेसीस आला. १९९४ मध्ये भरपूर पाऊस पडला आणि जैसलमेर, बाडमेर, बिकानेर या भागांत फॅल्सिपेरमची मोठी साथ पसरली. ज्यांच्या रक्ताला या जंतूची ओळखच नव्हती अशी माणसे त्यात सापडली. कालव्याच्या अंदाजपत्रकात सिमेंट होते, मजुरी होती. साचलेल्या पाण्याचा निचरा आणि गावातली रक्ततपासणी हीही कालव्याचीच कामे आहेत, असे मात्र मानले गेले नाही.

दुसरी गोष्ट शत्रूंची. परोपजीवीला आणि त्याच्या वाहकाला निसर्गात शत्रू असतात. परिसर विस्कटला की बहुधा हे शत्रू आधी जातात. याचे सर्वांत स्वच्छ उदाहरण हिवतापाचे नाही, पश्चिम आफ्रिकेतल्या सेनेगल नदीचे आहे. ते थोडे लांबचे आहे, पण उसाच्या मुलखात राहणाऱ्यांना परके वाटणार नाही. या नदीच्या मुखाजवळ १९८६ मध्ये डियामा धरण पुरे झाले. समुद्राचे खारे पाणी आत येणे थांबले, गोडे पाणी बारमाही झाले, उसाची शेती वाढली, कामासाठी दुरून मजूर आले. त्या मुलखात शिस्टोसोमा नावाचा रक्तात राहणारा कृमी आहे. त्याची अंडी माणसाच्या मलमूत्रातून पाण्यात जातात, पिल्ले गोगलगाईत वाढतात आणि मग पाण्यात उभ्या असलेल्या माणसाच्या कातडीतून आत शिरतात. धरणाच्या वरच्या बाजूच्या रिशार-तोल या ऊसगावात १९८८ मध्ये त्याच्या आतड्याच्या रोगाचे पहिले रोगी सापडले, आणि काही वर्षांतच गावातली बहुसंख्य माणसे रोगी झाली. गोगलगाई इतक्या कशा वाढल्या? नदीत एक मोठा झिंगा होता, तो गोगलगाई खाई. त्याला अंडी घालायला खाडीच्या मचूळ पाण्यात जावे लागे. धरणाने त्याची वाट अडवली. पुढे संशोधकांनी एका गावाच्या पाणवठ्यात झिंगे पुन्हा सोडून पाहिले, तेव्हा रोगी गोगलगाई कमी झाल्या आणि माणसांतला संसर्गही कमी झाला. हे निष्कर्ष २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. आपल्याकडच्या ओढ्यात, डबक्यात डासांच्या अळ्या खाणारे मासे आणि पाणकिडे असतात. माती काढून रस्त्याकडेला सोडलेल्या खड्ड्यात ते नसतात. तिथे अळीला शत्रू नसतो.

तिसरी गोष्ट माणसांची. ही गोष्ट शंभर वर्षांपूर्वीच सांगितली गेली होती. हिमालयाच्या पायथ्याशी, बंगालच्या दुआर भागात इंग्रजांचे चहाचे मळे होते. तिथे छोटा नागपूरकडून आदिवासी मजूर भरती करून नेत. क्रिस्टोफर्स आणि बेंटली या दोन ब्रिटिश डॉक्टरांनी १९०९ च्या सुमारास त्या मळ्यांतल्या हिवतापाची पाहणी केली. त्यांना दिसले ते केवळ डासांचे राज्य नव्हते. सतत नवे मजूर येत होते, जुने मरत होते किंवा पळून जात होते. नव्याच्या रक्ताला तिथल्या जंतूचा सराव नसे. अन्न अपुरे, काम अफाट, घरे दाटीची. मजुरांचा असा जमाव म्हणजेच हिवतापाची खाण, अशा आशयाची मांडणी त्यांनी केली. आगीत लाकडे घालत राहिले तर आग विझत नाही, तसे मजूरभरतीने हिवताप विझू दिला नाही. याच क्रिस्टोफर्सनी पुढे पंजाबातल्या १९०८ च्या भयंकर साथीचा अभ्यास केला आणि १९११ च्या अहवालात दाखवले की साथीचा जोर पावसाशी जसा जुळतो तसा धान्याच्या भावाशीही जुळतो. भाव चढले की पोटे रिकामी होतात आणि तोच जंतू अधिक माणसे मारतो. म्हणजे परिसर केवळ झाडा-पाण्याचा नसतो. बाजारभाव आणि मजुरी हाही परिसरच आहे, आणि तोही विस्कटतो.

चौथी गोष्ट येण्याजाण्याची. एखाद्या पाड्यातला हिवताप एखाद्या वर्षी खरोखर संपतो. पण शेजारच्या पाड्यात तो असतो, आणि मजुरी दोन्हीकडच्यांना एकाच बांधकामावर आणते. एकीकडचा निखारा दुसरीकडच्या चुलीत जातो. एकेक वस्ती पाहिली तर रोग येतो-जातो, साऱ्या वस्त्या मिळून पाहिल्या तर तो कधीच जात नाही. म्हणून एकट्या गावाचे ‘हिवतापमुक्त’ असणे फार काळ टिकत नाही.

या चार गोष्टी ध्यानात घेतल्या म्हणजे आपल्या देशातल्या हिवतापाचा इतिहास कळतो. स्वातंत्र्याच्या वेळी वर्षाला साडेसात कोटी लोकांना हिवताप होत असे आणि आठ लाख मरत, असा अंदाज आहे. १९५३ मध्ये नियंत्रणाचा आणि १९५८ मध्ये निर्मूलनाचा कार्यक्रम सुरू झाला. घराघराच्या भिंतींवर डीडीटी फवारले गेले. १९६५ च्या सुमारास रोग्यांची नोंद एक लाखावर आली. विजय जवळ आला असे सर्वांना वाटले. आणि १९७६ मध्ये आकडा चौसष्ट लाखांवर गेला. डास डीडीटीला सरावले होते. फवारणी ढिली पडली होती. १९७३ मध्ये आसामात क्लोरोक्विनला दाद न देणारा फॅल्सिपेरम सापडला. आणि फवारणीचा सारा भर खेड्यांवर असताना शहरांतल्या टाक्यांत स्टिफेन्सी सुखाने वाढत होता. शहरांसाठी वेगळी योजना १९७१ मध्ये आली, तोवर बराच उशीर झाला होता. निखारे सर्वत्र होते, फक्त ते राखेखाली असल्याने आकड्यांत दिसत नव्हते.

शहराचे नाव निघाले म्हणून मुंबईविषयी दोन शब्द. बेंटली यांनीच १९११ मध्ये मुंबईतल्या हिवतापाविषयी अहवाल दिला. स्टिफेन्सी डास वाढत होता तो घरमालकांच्या खाजगी विहिरींत. त्या विहिरी बुजवाव्यात किंवा झाकाव्यात असे महापालिका म्हणू लागली, तेव्हा धर्मभावनेच्या नावाने विरोध झाला. पूजेला विहिरीचे उघडे पाणी लागते, असा युक्तिवाद होता. इथे एक शास्त्रीय सत्य ठळक अक्षरांत लिहून ठेवावे असे आहे : हिवतापाचा शहरी डास गटारात वाढत नाही, तो स्वच्छ, साचलेल्या पाण्यात वाढतो. माडीवरची झाकण नसलेली टाकी, बंगल्यातला कारंजा, नव्या इमारतीच्या स्लॅबवर साठवलेले पाणी ही त्याची घरे. ‘घाणेरडे लोक म्हणून हिवताप’ हे वाक्य समाजशास्त्र म्हणून अन्यायाचे आहेच, पण ते प्राणिशास्त्र म्हणूनही चूक आहे. आपल्या शहरांतला हाच डास २०१२ मध्ये आफ्रिकेच्या किनाऱ्यावर जिबूतीत सापडला आणि तिथून पुढे पसरला. तिथेही शहरे वाढत आहेत, बांधकामे चालू आहेत, टाक्या उघड्या आहेत.

मग इमारत बांधणाऱ्या मजुराला हिवताप अधिक का होतो? पाणी साठवतो कंत्राटदार, स्लॅबखाली झोपतो मजूर. भिंती अजून उभ्या राहिलेल्या नसतात, मच्छरदाणी टांगायला खुंटी नसते. तो ज्या जिल्ह्यातून आला तिथला जंतू कदाचित त्याच्या यकृतात असतो, पण तो पसरवायला लागणारा डास त्याने आणलेला नसतो, तो कंत्राटदाराच्या टाकीतला असतो. साथ आली की मात्र वर्तमानपत्रात छापून येते की परप्रांतीय मजुरांनी रोग आणला.

यावर औषध नाही का? आहे. व्हायव्हॅक्सच्या यकृतातल्या जंतूवर प्रायमाक्विन हे औषध आहे. आपल्याकडे ते सलग चौदा दिवस घ्यायचे असते. काही जणांच्या रक्तात एक विकर कमी असते, त्यांना ते तपासून, जपून द्यावे लागते. चौदा दिवस ही केवळ वैद्यकीय मुदत नाही. चौदा दिवस एका ठिकाणी राहता येणे ही सामाजिक अट आहे. ऊसतोड टोळीतल्या बाईला विचारा. ताप आला, आरोग्यसेविकेने पालावर येऊन रक्त घेतले, अहवाल येईपर्यंत फड संपला आणि टोळी पुढच्या गावाला गेली. गोळ्या मिळाल्या तर चौथ्या दिवशी ताप उतरतो आणि उरलेल्या गोळ्या लुगड्याच्या गाठीत राहतात, कारण गोळीने मळमळते आणि उचल फेडायची असते. माझ्या वर्गातल्या अशाच एका टोळीतल्या मुलाने मला सांगितले, ‘सर, आमचं नाव गावच्या यादीत असतं तेव्हा आम्ही फडावर असतो, आणि फडावर असतो तेव्हा तिथल्या यादीत आमचं नाव नसतं.’ परोपजीवी कुठे टिकतो, या प्रश्नाचे याहून नेमके उत्तर मी कुठल्या ग्रंथात वाचलेले नाही.

या लेखाचे म्हणणे एवढेच आहे. परोपजीवी टिकतो तो घाणीत नव्हे. ज्याला कोणी मोजत नाही अशा माणसाच्या शरीरात आणि ज्याची जबाबदारी कोणी घेत नाही अशा पाण्यात तो टिकतो. परिसर विस्कटतो तेव्हा ही दोन्ही एकाच जागी निर्माण होतात : बेवारस खड्डा आणि बेदखल माणूस. विटाळ आणि संसर्ग यांतला भेदही इथेच आहे. विटाळ जन्माने ठरतो, म्हणून त्यावर उपाय नाही, फक्त वेस आहे. संसर्ग वाटेने होतो, आणि वाट अडवता येते. विटाळ मानणारा माणसाला दूर करतो आणि रोग सांभाळतो. संसर्ग जाणणारा माणसाला जवळ घेतो आणि रोगाची वाट बंद करतो.

२०१५ मध्ये देशात हिवतापाच्या सुमारे ११ लाख ६९ हजार रोग्यांची नोंद झाली, २०२३ मध्ये ती सुमारे २ लाख २७ हजारांवर आली. २०३० पर्यंत हिवताप संपवण्याचे शासनाचे उद्दिष्ट आहे. ही घट मोठी आहे. ज्या आरोग्यसेविकांनी आणि आशा कार्यकर्त्यांनी पायी हिंडून ती घडवून आणली, त्यांचे ऋण मान्य केले पाहिजे. पण १९६५ चा लाखाचा आकडा ज्याला आठवतो, तो लहान आकड्याने निर्धास्त होत नाही. तो विचारतो की उरलेले कुठे आहेत? महाराष्ट्रात हिवतापाचा मोठा वाटा गडचिरोलीच्या जंगलपाड्यांचा असतो, ही गोष्ट केवळ डासांच्या भूगोलाची नाही.

म्हणून कार्यकर्त्यांनी, शिक्षकांनी आणि विद्यार्थ्यांनी काही साध्या गोष्टी अंगावर घ्याव्यात. रस्त्याचे, धरणाचे, इमारतीचे काम चालू असेल तिथे माती काढलेले खड्डे बुजवण्याची आणि टाक्या झाकण्याची जबाबदारी लेखी कोणावर आहे, हे विचारावे. पाणी काढून टाकता येत नसेल तिथे गप्पी मासे सोडावेत. मात्र वाहत्या ओढ्यात आणि नदीत ते सोडू नयेत, तिथले मूळचे मासे मारले जातात. मजुरांच्या पालांची, वीटभट्ट्यांची, झोपड्यांची यादी आपण स्वतः करून आरोग्य केंद्राला द्यावी आणि त्या यादीप्रमाणे रक्त तपासले जाते की नाही ते पाहावे. टोळी हलली तरी औषध खंडित होऊ नये म्हणून रोग्याच्या हातात तारखांसह चिठ्ठी असावी आणि ती पुढच्या गावात मानली जावी, असा आग्रह धरावा. आजारपणाच्या दिवसांची मजुरी हा औषधाचाच भाग आहे, हे कारखान्याला आणि कंत्राटदाराला ठणकावून सांगावे. शाळेत हिवतापाचे जीवनचक्र शिकवताना माणूस आणि डास यांची चित्रे काढून थांबू नये, टाकी कोणाची आणि झोपायची जागा कोणाची, हेही फळ्यावर काढावे.

नारू गेला, कारण एका पिढीने शेवटच्या घरापर्यंत पाणी नेण्याचा हट्ट धरला. हिवताप अधिक चिवट आहे, त्याची घरे अधिक आहेत. पण त्याचाही शेवटचा निखारा जिथे आहे, ती वस्ती आपल्याला ठाऊक आहे. तिथे आधी पोहोचायचे आहे.